पाण्याला लागून आलेलं टार्गेट रडारवर कसं धरायचं

बटणांकडे नंतर वळू, आधी माझा गाढवपणा ऐका.

थर्ड ऑफिसर होतो, रात्रीची आठ ते बाराची वॉच, मुंबईहून दक्षिणेला चाललेलो, रत्नागिरी डावीकडे कुठंतरी पंधरा-वीस मैलांवर (मैल म्हणजे इथून पुढं सगळीकडे सागरी मैल), वायव्येचा वारा बऱ्यापैकी आणि स्क्रीनच्या मधोमध सी क्लटरचा, म्हणजे लाटांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींचा, पसारा, कोणीतरी साबुदाणा सांडल्यासारखा. मला तेव्हा स्वच्छ स्क्रीनची भारी हौस. क्लटरचा नॉब फिरवत गेलो फिरवत गेलो, शेवटी स्क्रीन काळीभोर, एकही दाणा नाही, स्वतःवरच खूश. दहा मिनिटांनी लुकआउटवरचा एबी (खलाशी), अलिबागकडचा कोळी माणूस, अगदी शांतपणे म्हणाला, "साहेब, पुढं बत्ती आहे, जरा पोर्टला." म्हणजे डावीकडे. दुर्बीण लावली तर एक मिणमिणता पिवळा बल्ब, फायबरची होडी, जेमतेम दीड मैल. रडारवर त्या जागी काहीच नाही. क्लटर अर्ध्यावर आणला आणि अँटेनाच्या दोन फेऱ्यांत ठिपका हजर. म्हणजे रडारला ती मघापासून दिसत होती, मीच पुसून टाकली होती.

तर हे सगळं पाण्यालगतच्या टार्गेटबद्दल आहे, बुटक्या होड्या, पाण्यावरून दहा-वीस मीटरवरून उडणारे कुरव पक्ष्यांचे थवे, आणि मुंबई हायकडे जाणारी खालून उडणारी हेलिकॉप्टरं. तिन्हींची दुखणी एकाच जातीची आहेत. जहाजाचं साधं नेव्हिगेशन रडार डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, लष्करी सेट वेगळे, पण पाणी दोघांना सारखंच छळतं.

पहिलं दुखणं क्षितिज. रडारचं क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडं लांब असतं कारण हवेत किरण किंचित खाली वाकतात. हिशोब सोपाय, उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, २.२१ ने गुणा, मैल मिळतात. स्कॅनर (फिरणारी अँटेना) १६ मीटरवर असेल तर ८.८ मैल. टार्गेटचंही तसंच काढायचं आणि बेरीज करायची. एक मीटर उंचीच्या होडीचे २.२, म्हणजे एकूण ११. ९ मीटरवरून उडणाऱ्या कशाचे तरी ६.६, म्हणजे एकूण साडेपंधरा मैलांच्या आसपास. हा आकडा वॉच घेताना एकदा मनात काढून ठेवायचा, त्याच्या पलीकडे शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि अलीकडे आलं की दिसेलच असंही नाही, खरी गंमत तिथंच आहे.

आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) रडार स्टँडर्डमध्ये, म्हणजे २००४ च्या ठरावात, एक तक्ता आहे तो प्रत्येक कॅडेटने पाठ करावा असं माझं मत. स्कॅनर १५ मीटरवर, समुद्र शांत, क्लटर नाही, अशा लाडाच्या परिस्थितीत १० मीटर लांबीची, २ मीटर उंचीची, रिफ्लेक्टर (लहर परत फेकणारा पत्रा) नसलेली होडी एक्स बँडवर (आखूड लहरीचा सेट) ३.४ मैलांवर आणि एस बँडवर (लांब लहरीचा) ३.० मैलांवर दिसावी, बस इतकीच अपेक्षा. क्षितिजाच्या हिशोबाने तीच होडी ११ मैलांच्याही पुढं दिसायला हवी होती. मग मधले आठ मैल गेले कुठं? थोडा दोष होडीच्या लहानपणाचा, लाकूड आणि फायबर रडारला नीट परत पाठवत नाहीत. पण मोठा दोष पाण्याचा.

पाणी काय करतं बघा. रडारची लहर टार्गेटवर दोन वाटांनी पोचते, एक सरळ आणि एक समुद्रावर आपटून. इतक्या तिरक्या कोनात समुद्र आरशासारखा वागतो, आणि वर परावर्तन होताना लहर उलटी होते. टार्गेट जितकं पाण्याजवळ तितक्या दोन्ही वाटा जवळपास सारख्या लांबीच्या, म्हणजे एक सरळ लहर आणि एक उलटी लहर एकाच वेळी पोचणार आणि एकमेकींना खाऊन टाकणार. तुम्ही म्हणाल समुद्र कुठं आरशासारखा असतो, लाटा असतात की. पाच मैलांवर आपल्या १६ मीटरच्या स्कॅनरचा कोन साधारण ०.१ अंश पडतो, आणि त्या कोनात एक्स बँडला दोन मीटरच्या लाटासुद्धा अजून गुळगुळीतच वाटतात. उन्हात डांबरी रस्ता लांबून ओला चमकताना दिसतो ना, जवळ गेलं की खडबडीत, तसंच हे.

आता आकडे घालून बघू, पृथ्वीची गोलाई बाजूला ठेवून ढोबळ हिशोब. स्कॅनर १६ मीटर, टार्गेट पाण्यापासून १ मीटर, अंतर ५ मैल. एक्स बँड, म्हणजे ३.२ सेंटीमीटरची लहर, तिचा प्रतिध्वनी मोकळ्या हवेत जेवढा आला असता त्याच्या साधारण पाचवा हिस्सा उरतो. एस बँडला, म्हणजे दहा सेंटीमीटरला, तोच साडेचारशेवा हिस्सा. म्हणून बुटक्या टार्गेटसाठी पहिला नियम, एक्स बँड. "पाऊस आहे, एस वर जा" हे आपण सगळे शिकलोय आणि ते बरोबरच आहे, एस पावसाला आणि क्लटरला कमी भितो, पण जुलैत मुसळधार पावसात एस लावून निवांत बसलेला माणूस होड्यांच्या बाबतीत अर्धा आंधळा असतो. दोन्ही सेट चालू ठेवायचे, एस मोठ्या स्केलवर आणि एक्स लहानवर. दोघांचे स्कॅनर वेगवेगळ्या उंचीवर असतात त्याचा आणखी एक फायदा, एकाच्या लहरी जिथं एकमेकींना मारतात तिथं दुसऱ्याच्या मारतीलच असं नाही.

बरं आता बटणं. क्रम महत्त्वाचा आहे कारण एक नॉब चुकला की पुढचे सगळे त्याची चूक झाकायला लागतात.

आधी सी क्लटर आणि रेन क्लटर दोन्ही शून्यावर, ऑटो बंद. १२ किंवा २४ मैलांच्या स्केलवर जा. गेन (आलेला प्रतिध्वनी किती मोठा करायचा तो नॉब) वाढवत न्या, बारीक दाणे सगळीकडे दिसायला लागले की किंचित खाली. दाणे अगदी नाहीसे करायचे नाहीत, हलका रवा पसरल्यासारखे राहिले पाहिजेत. लहान टार्गेट त्या रव्यातूनच वर येतं, रवा पुसला की तेही गेलं. मग ट्यूनिंग. मॅग्नेट्रॉनचा (लहर तयार करणाऱ्या नळीचा) सेट असेल तर गरम झाल्यावर फ्रिक्वेन्सी सरकते, म्हणून बंदरातून निघताना केलेलं ट्यूनिंग अर्ध्या तासाने परत बघा. ऑटो ट्यून बहुतेक वेळा बरं चालतं, पण लांबचा अंधुक प्रतिध्वनी धरून हाताने एकदा तपासायला काय जातंय.

आता ६ मैलांवर या आणि मग सी क्लटर. हा नॉब नक्की काय करतो ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, तो क्लटर ओळखत वगैरे नाही, तो फक्त जवळच्या अंतरावरचा गेन कमी करतो, अंतर वाढेल तसा हळूहळू परत सोडतो. लाट आणि होडी त्याला सारखीच. म्हणून वाऱ्याच्या दिशेला बघत फिरवायचा, तिकडून येणाऱ्या लाटांचे चढ रडारकडे तोंड करून असतात त्यामुळे तिकडं क्लटर जास्त आणि लांबपर्यंत असतो. वाऱ्याकडच्या बाजूला थोडे तुटक दाणे शिल्लक राहतील इतकाच वाढवा. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तेव्हा स्क्रीन जवळपास मोकळी दिसेल, आणि इथं एक मेख आहे, त्या बाजूला तुम्ही गेन गरजेपेक्षा जास्त कमी केलेला असतो. म्हणून दर थोड्या वेळाने नॉब खाली आणून ती बाजू वेगळी बघायची, मग परत जागेवर. मी हे सवयीने करतो, चहाचा घोट घेतला की नॉब खाली, बघितलं, वर.

ऑटो क्लटरबद्दल माझं मत चांगलं नाही. खुल्या समुद्रात ठीक. पण जिथं किनारा, होड्या, जाळ्यांची निशाणं आणि पाऊस सगळं एकत्र आहे, म्हणजे ऑगस्टपासून पुढं आपला अख्खा कोकण किनारा, तिथं तो आजूबाजूची सरासरी काढतो आणि एकमेकींना चिकटून असलेल्या चार होड्यांनाच क्लटर समजून दाबून टाकू शकतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा माणूस सैल होतो, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत समुद्र भरतो. त्या आठवड्यात तरी हात नॉबवर ठेवा.

पल्सचं, म्हणजे रडार एका वेळी सोडतं त्या लहरीच्या तुकड्याचं, दोन वाक्यात. क्लटरमध्ये शोधताना लहान पल्स, कारण ०.०८ मायक्रोसेकंदाची पल्स समुद्राचा साधारण १२ मीटरचाच पट्टा एका वेळी पकडते, त्यामुळे होडीबरोबर येणारं लाटांचं गाठोडं लहान राहतं. समुद्र शांत असेल आणि टार्गेट लांब, अंधुक असेल तर उलट, मोठी पल्स, जास्त ताकद.

आता समजा ठिपका दिसला, एकदा दिसला, परत नाही. खरा की खोटा? नवीन पोरं लगेच अक्वायर करतात (सेटला त्याचा माग काढायला लावतात) आणि मग वेक्टर, म्हणजे दिशा-वेग दाखवणारी रेघ, कुत्र्याच्या शेपटीसारखा हलत राहतो. थांबा. स्कॅनर २४ आरपीएमवर असेल तर फेरी अडीच सेकंदाची. बोट ठेवा त्या जागेवर (स्क्रीनवर ठसे उमटले तर उमटू देत) आणि दहा फेऱ्या मोजा, पंचवीस सेकंद. लाटेचा दाणा एकदा इथं एकदा तिथं उगवतो, होडी चार-पाच वेळा का होईना पण त्याच जागी किंवा एका रेषेत सरकत उगवते. मधल्या फेऱ्यांत ती लाटेच्या खोलगटात गेलेली असते. ट्रू ट्रेल (टार्गेटच्या खऱ्या वाटेचा स्क्रीनवर उरणारा माग) तीन किंवा सहा मिनिटांवर लावले तर हेच आपोआप दिसतं, क्लटरचा धूर होतो आणि होडीची तुटक रेघ उमटते. मला ही तुटक रेघ आर्पाच्या (सेटमधल्या माग काढणाऱ्या यंत्रणेच्या) वेक्टरपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

अक्वायर केल्यावरही घाई नको. स्टँडर्डप्रमाणे एका मिनिटात कल कळावा आणि तीन मिनिटांत नीट वेक्टर यावा, तेही प्रतिध्वनी नियमित असेल तर. बुटक्या टार्गेटचा नसतो. ट्रॅकर दर फेरीला एक खिडकी लावून बसतो, त्या खिडकीत होडी नसली आणि शेजारची लाट असली तर तो लाटेला धरून निघून जातो. किंवा होडीजवळून दुसरं जहाज गेलं की वेक्टर होडीला सोडून जहाजाला चिकटतो. वेक्टर एकदम वळला आणि ट्रेल मात्र सरळच आहे असं दिसलं तर ट्रेलवर विश्वास ठेवा, ट्रॅक रद्द करा, परत धरा.

हेलिकॉप्टर आणि पक्षी यांच्यासाठी यातलं काही उलटं करावं लागतं. बऱ्याच सेटवर फेरी-ते-फेरी तुलना करणारा एक पर्याय असतो, कुठं त्याला कोरिलेशन म्हणतात कुठं एको अव्हरेज. जे मागच्या फेरीत त्याच जागी होतं तेच ठेवायचं, बाकी पुसायचं. लाटांसाठी मस्त. पण १२० नॉटने (तासाला १२० मैल) जाणारं हेलिकॉप्टर अडीच सेकंदात दीडशे मीटर पुढं गेलेलं असतं, सेट त्याला लाट समजून पुसतो. वेगवान स्पीडबोटीचंही तेच होऊ शकतं. म्हणून खालून उडणारं काही शोधायचं तर हा पर्याय बंद, ट्रेल चालू, आणि आर्पाकडून फार अपेक्षा नको, साध्या जहाजांवरचा ट्रॅकर १०० नॉटच्या आसपासच्या सापेक्ष वेगापर्यंतच्या टार्गेटसाठी बनवलेला असतो.

हेलिकॉप्टर लुकलुकतं तेही पाण्यामुळेच. समजा ते ६० मीटरवरून उडतंय आणि आपला स्कॅनर १६ वर. मघाच्याच हिशोबाने एक्स बँडवर २०, १५, १२, १० किलोमीटर अशा अंतरांवर दोन वाटांच्या लहरी एकमेकींना मारतात, आणि मधल्या अंतरांवर उलट एकमेकींना जोर देतात. म्हणजे बाराला जवळजवळ गायब, अकराला झगझगीत, दहाला परत गायब, आणि हा दोन किलोमीटरचा खेळ जेमतेम अर्ध्या मिनिटात. प्रत्यक्षात समुद्र खडबडीत असतो त्यामुळे इतकं अचूक होत नाही, पण ठिपका मधेच गेला तर सेट बिघडला असं समजून नॉब फिरवायला लागू नका. काही फेऱ्या थांबा, तो पुढं त्याच रेषेवर येईल.

आपल्या नेव्हिगेशन रडारचा बीम उभ्या दिशेत वीस-पंचवीस अंश जाड असतो, ते टार्गेटची उंची मोजतच नाही, म्हणून आपल्याला फक्त लुकलुकणं सोसावं लागतं. ज्या रडारना उंचीचा कोन मोजायचाय, म्हणजे युद्धनौकांवरचे तोफा-क्षेपणास्त्रांचे ट्रॅकर, त्यांची फजिती मोठी. त्यांना वर खरं टार्गेट आणि पाण्याखाली त्याचं प्रतिबिंब अशी दोन टार्गेट दिसतात आणि दोन्ही एकाच बीममध्ये मावतात. मग अँटेना खरं कोणतं ते ठरवता न आल्यासारखी मान वरखाली करत राहते. समुद्राला घासून येणारं क्षेपणास्त्र काय करू शकतं ते ४ मे १९८२ ला फॉकलंडच्या लढाईत दिसलं, एचएमएस शेफील्डवर एक्झोसे आदळलं आणि २० माणसं गेली. त्या घटनेत रडारशिवाय इतरही बऱ्याच चुका होत्या, पण पाण्यालगत येणाऱ्याला अडवायला वेळ किती कमी मिळतो हे त्यातून सगळ्या नौदलांना कळलं.

कुरवांचं वेगळंच. शांत समुद्रावर दोन-तीन मैलांत बारीक दाणे घोळक्याने जागा बदलत असतील, वाऱ्याशी ज्यांचा काही संबंध नाही असे, तर बहुतेक थवा आहे. गेन थोडा वाढवला की जास्त दिसतात. आपले तांडेल (होडीचे कप्तान) डोळ्याने कुरव कुठं घिरट्या घालतायत ते बघून खाली मासळीचा थवा आहे हे ओळखतात, ट्यूनामागे फिरणाऱ्या मोठ्या पर्ससीन बोटी तेच काम रडारने करतात, त्यासाठी खास जास्त गेनचा एस बँड सेट लावलेला असतो. आमच्यासाठी मात्र थव्याचा अर्थ एवढाच की खाली जाळं असू शकतं, जरा बाजूने घ्या.

आता आपल्या समुद्राची एक खोड. मार्च ते मे, पावसाच्या आधी, पाण्यावर दमट थंड हवा आणि वर कोरडी गरम हवा असा थर जमला की रडारची लहर त्या थरात अडकते आणि नळीतून गेल्यासारखी क्षितिजाच्या पलीकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या दीड मीटर लहरीच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी यायचे, १००० ते १७०० मैलांवरून, ही रडारच्या अभ्यासातली प्रसिद्ध गोष्ट आहे. आपल्या सेटवर याचा त्रास दोन प्रकारे होतो. होडी अचानक खूप लांबून दिसते आणि माणूस समजतो सेट आज फार छान चाललाय, मग दुसऱ्या दिवशी हवा बदलली की तेवढ्या अंतरावर दिसेल म्हणून थांबतो. आणि दुसरं म्हणजे लांबचा प्रतिध्वनी पुढच्या पल्सनंतर पोचतो आणि जवळच्या अंतरावर भूत म्हणून बसतो. भूत ओळखायचं तर रेंज स्केल बदला, त्याबरोबर सेटचा सेकंदाला पल्स सोडायचा वेग बहुतेक बदलतो, खरं टार्गेट आपल्या अंतरावरच राहतं आणि भूत उडी मारतं. नवीन सेट मुद्दाम पल्समधलं अंतर हलतं ठेवतात त्यामुळे त्यांच्यावर भुतं कमी.

नवीन सेटवर डॉप्लरही मिळतो, जवळ येणारं वेगळ्या रंगात. छान आहे, पण तो फक्त तुमच्या दिशेने किंवा तुमच्यापासून दूर जाण्याचा वेग मोजतो, आडवी जाणारी होडी त्याला थांबल्यासारखीच वाटते. रंग नाही म्हणजे धोका नाही असं करू नका. एआयएसचंही (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र) तसंच, कित्येक होड्यांवर नसतो किंवा बंद असतो.

आणि हे वाचणारा कोणी होडीवाला असेल तर त्याच्यासाठी, कारण अर्धं काम तुमच्या बाजूने होऊ शकतं. माझा चुलता दाभोळच्या बाजूला तांडेल होता, त्याने एकदा पत्र्याचा रिफ्लेक्टर आणून केबिनच्या टपाला दोरीने बांधला आणि मला फोन करून विचारलं, "काय रे, आता तुमच्या रडारात दिसू ना आम्ही?" मी म्हटलं काका, टपावर नको, डोलकाठीवर चढवा. "वर काय नि खाली काय, पत्रा तोच ना?" पत्रा तोच, पण मघाचाच हिशोब लावा, पाच मैलांवरच्या एक्स बँडला तोच रिफ्लेक्टर १ मीटरवरून ४ मीटरवर नेला तर प्रतिध्वनी सत्तर पटीच्या वर वाढतो. आयएमओसुद्धा रिफ्लेक्टर कमीत कमी ४ मीटरवर असावा असंच धरून चालते. अष्टफलकी, म्हणजे एकमेकांत काटकोनात बसवलेल्या तीन पत्र्यांचा, असेल तर टोकावर उभा टांगू नका, त्याचा एक खड्डा वर तोंड करून राहिला पाहिजे, पाऊस पडला तर त्यात पाणी साचेल असा. आणि मोठा घ्यायला परवडत असेल तर घ्या, मापं दुप्पट केली की ताकद सोळा पट होते.

काकाने दोन दिवसांनी परत फोन केला, चढवला म्हणाला, आणि वर, "आता कावळा बसतो त्याच्यावर, चालेल ना?" चालेल म्हटलं.